छोट्या विद्यापीठातून स्टुडंट एक्स्चेंज: सोलापुरातून एक सेमिस्टर परदेशात पाठवायचं तर

परदेशी विद्यापीठाशी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, होतो, सह्या होतात, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. पाच वर्षांनी मुदत संपते तेव्हा त्या करारावर एकही विद्यार्थी गेलेला नसतो. लहान विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हे वारंवार घडतं, आणि दोष पैशाला दिला जातो. पण पैशाची सोय झाल्यावरही एक्स्चेंज अडतो तो गुणपत्रिकेपाशी. एक सेमिस्टर बाहेर शिकून आलेल्या मुलीचे विषय आपल्या गुणपत्रिकेत कुठे बसणार, हे कुणी आधी ठरवलेलंच नसतं. मग तिला तेच सेमिस्टर पुन्हा द्यावं लागतं, वर्ष जातं, आणि पुढच्या वर्षी त्या विभागातून कुणी अर्ज भरत नाही.

म्हणून इथे कामाचा क्रम गुणपत्रिकेपासून धरला आहे. परदेशी भागीदार त्यानंतर.

आधी परीक्षा विभाग

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ ची, कार्यक्षेत्र एका जिल्ह्याचं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखलं जातं. एक्स्चेंजच्या कामात हा लहानपणा उपयोगी पडतो. ज्या चार-पाच जणांची संमती लागते ते एका बैठकीला एकत्र बसू शकतात: विभागप्रमुख, अभ्यासमंडळाचे अध्यक्ष, परीक्षा विभागाचे जबाबदार अधिकारी, विद्याशाखेचे अधिष्ठाता आणि आंतरराष्ट्रीय संबंध पाहणारी व्यक्ती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्रत्येक विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कामकाजाचं कार्यालय असावं असं सांगितलं आहे. कार्यालय म्हणजे पाटी लावलेली खोली असायलाच हवी असं नाही. एक नेमलेली व्यक्ती, एक कायमचा ईमेल पत्ता आणि आठवड्याचे ठरलेले तास एवढ्यावर सुरुवात होते. ईमेल पत्ता मात्र पदाच्या नावाचा घ्या, माणसाच्या नावाचा नको. समन्वयक बदलले की जुना पत्रव्यवहार त्यांच्या खासगी मेलमध्ये अडकतो आणि परदेशी भागीदाराला वाटतं की इकडून उत्तर देणं थांबलं.

या बैठकीतून एक पानाचा ठराव निघायला हवा आणि तो अभ्यासमंडळ व विद्यापरिषदेकडून मंजूर करून घ्यायला हवा. त्यात चार गोष्टी असाव्यात. बाहेर मिळवलेले क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या मोजमापाची एककं, कोणत्या प्रमाणात मोजणार. गुणांचं रूपांतर कोणत्या तक्त्याने होणार. बाहेरच्या विषयाचं नाव आपल्या विषयाशी किती जुळायला हवं. आणि बाहेर असताना विद्यार्थी हजर धरला जाईल का. हा शेवटचा मुद्दा हमखास राहतो. महाडीबीटीवरच्या अनेक शिष्यवृत्ती योजनांत हजेरीची अट असते. सहा महिने वर्गात न दिसलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर महाविद्यालयाने काय लिहायचं, हे ठरलेलं नसेल तर परदेशात गेल्यामुळेच त्याची इथली शिष्यवृत्ती तुटते. यजमान विद्यापीठातली हजेरी ही आपलीच हजेरी, असं एक वाक्य ठरावात असलं की हा प्रश्न मिटतो.

संलग्नित महाविद्यालयांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परीक्षा विद्यापीठ घेतं, त्यामुळे क्रेडिट मान्य करण्याचा अधिकार महाविद्यालयाकडे नाही. प्राचार्यांनी सही केलेला करार कितीही चांगला असला तरी विद्यापीठाच्या ठरावाशिवाय तो गुणपत्रिकेपर्यंत पोहोचत नाही. स्वायत्त महाविद्यालयाचं वेगळं: त्यांची स्वतःची विद्यापरिषद असते, त्यामुळे हा ठराव ते स्वतः करू शकतात. शहरात पहिला प्रयोग एखाद्या स्वायत्त महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या विभागाने करावा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

क्रेडिटचा हिशेब

ईसीटीएस म्हणजे युरोपातली क्रेडिट मोजण्याची सामाईक पद्धत. तिच्यानुसार पूर्ण वर्षाचं शिक्षण ६० क्रेडिटचं, म्हणजे सेमिस्टरला ३०. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४०, सेमिस्टरला २०. सरळ प्रमाण दीडास एक: ३० ईसीटीएस बरोबर आपले २०.

गोंधळ होतो तो तास मोजले की. एक ईसीटीएस म्हणजे देशागणिक २५ ते ३० तासांचं काम, आणि आपल्या आराखड्यातही एका क्रेडिटला ३० तास. तासांवर गेलात तर एकास एक प्रमाण येतं आणि वर्षावर गेलात तर दीडास एक. दोन्ही हिशेब कागदावर बरोबर दिसतात. म्हणूनच एका विभागात एक प्रमाण आणि दुसऱ्यात दुसरं लावलं जातं, आणि एकाच विद्यापीठाच्या दोन मुलांना सारख्याच अभ्यासाचे वेगळे क्रेडिट मिळतात. वर्षाचं प्रमाण धरा आणि सगळ्यांना तेच लावा. पूर्णवेळ सेमिस्टर करून आलेल्या मुलाचं इथलं पूर्णवेळ सेमिस्टर झालं, हे त्यातून नीट दिसतं. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट असतात, म्हणजे तिथला एक क्रेडिट दोन ईसीटीएसच्या बरोबरीचा.

आता समजा आपल्या अभ्यासक्रमात त्या सेमिस्टरला २२ क्रेडिट आहेत. बाहेरून २० आले, दोन उरले. हे दोन मूल्यवर्धित विषयाचे किंवा छोट्या प्रकल्पाचे असतील तर परत आल्यावर किंवा ऑनलाइन पूर्ण करता येतात. पण ते प्रात्यक्षिकाचे असतील तर अडचण, कारण प्रयोगशाळेची बॅच संपलेली असते. त्यामुळे कोणत्या सेमिस्टरला पाठवायचं हे ठरवताना ज्या सेमिस्टरमध्ये ऐच्छिक विषय जास्त आणि बंधनकारक प्रात्यक्षिकं कमी, ते निवडा.

विषय जुळवताना नावाला नाव शोधू नका. ‘वस्त्र रसायनशास्त्र २’ या नावाचा विषय परदेशात मिळणारच नाही. अभ्यासमंडळाने विषयाऐवजी गट जुळवावा: मुख्य विषयाचे आठ क्रेडिट, ऐच्छिकाचे आठ, भाषा किंवा सामान्य ज्ञानशाखेचे चार. साठ-सत्तर टक्के आशय मिळतोजुळता असला की पुरे, असं ठरावातच लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक मुलासाठी नवा वाद उभा राहत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांचं नाव या चर्चेत हटकून निघतं. ते ट्विनिंग (परदेशी संस्थेसोबत मिळून चालवलेला अभ्यासक्रम), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवीसाठी आहेत, नॅक मूल्यांकनात किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या पहिल्या शंभरात स्थान अशा अटी तिथल्या. पदवी आपलीच आणि बाहेर फक्त एक सेमिस्टर, असा साधा एक्स्चेंज त्याहून हलका प्रकार आहे. तरी ट्विनिंगसाठी असलेली ३० टक्के क्रेडिटची मर्यादा स्वतःहून पाळावी. तीन वर्षांच्या पदवीत एक सेमिस्टर म्हणजे सुमारे १७ टक्के, दोन वर्षांच्या पदव्युत्तरात २५ टक्के. एका सेमिस्टरने ही मर्यादा ओलांडली जात नाही.

गुणांचं रूपांतर

इथे मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते न कळत होतं.

फ्रान्समध्ये गुण २० पैकी. १० ला पास, १४ म्हणजे चांगलीच कामगिरी, १६ क्वचित मिळतात. आपल्या लिपिकाने १४ ला पाचने गुणलं की ७० टक्के, आणि १२ चे ६० टक्के. तिथे वर्गात वरच्या फळीत असलेली मुलगी इथे मधल्या श्रेणीत येते. जर्मनीत उलटं: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. आकडा लहान म्हणजे गुण कमी, असं समजून नोंद केली की सगळंच फिरतं. नेदरलँड्समध्ये १० पैकी ९ किंवा १० क्वचितच मिळतात.

जर्मन गुणांसाठी तिथे वापरात असलेलं सूत्र उलटं फिरवून वापरता येतं. जर्मन गुणांतून १ वजा करा, ३ ने भागा, आपल्या कमाल आणि पासाच्या गुणांतल्या फरकाने गुणा, आणि आलेली संख्या कमाल गुणांतून वजा करा. आपल्याकडे कमाल १०० आणि पास ४० धरले तर जर्मन २.० चे ८० होतात, १.७ चे ८६, ३.० चे ६०. हे आकडे न्याय्य वाटतात.

फ्रेंच गुणांना असं सरळ सूत्र लावू नका, कारण तिथे वरचे गुण वापरातच नसतात. श्रेणींचा तक्ता करा. उदाहरणार्थ १६ आणि वर असेल तर आपली ओ ही सर्वोच्च श्रेणी, १४ ते १५.९ ए प्लस, १२ ते १३.९ ए, १० ते ११.९ बी. परीक्षा व मूल्यमापन मंडळाने हा तक्ता एकदा मंजूर करायचा आणि विद्यार्थी निघण्याआधी त्याच्या हातात द्यायचा. तक्त्यावर एकमत होत नसेल तर आणखी एक मार्ग आहे: बाहेरचे क्रेडिट फक्त ‘उत्तीर्ण’ म्हणून नोंदवायचे आणि सरासरीत धरायचेच नाहीत. यात अन्याय होत नाही, पण हुशार मुलाला बाहेर मेहनत करायचं कारण कमी होतं. आमची पसंती तक्त्याला.

भागीदार कुठला

जगातल्या पहिल्या शंभरातलं विद्यापीठ लहान विद्यापीठाला उत्तर देत नाही आणि दिलं तरी सेमिस्टरसाठी जागा देत नाही. आपल्यासारखंच, एखाद्या उद्योगाच्या गावात वसलेलं, एखाद्या विषयात पक्कं असलेलं विद्यापीठ शोधा.

सोलापूरची ओळख चादर आणि टेरी टॉवेल. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. युरोपात चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स इथल्या तांत्रिक विद्यापीठात वस्त्र अभियांत्रिकीची स्वतंत्र विद्याशाखा आहे. स्वीडनमधलं बोरोस, पोलंडमधलं वुच आणि फ्रान्समधलं रूबे ही तिन्ही जुनी कापडाची गावं आणि तिन्ही ठिकाणी वस्त्रशिक्षण चालतं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. स्पेनमधल्या एल्चेच्या परिसरात ‘मोल्लार दे एल्चे’ हे संरक्षित नावाचं डाळिंब पिकतं आणि त्याच गावात मिगेल एर्नांदेस विद्यापीठ आहे. कोरडं हवामान, ठिबक, डाळिंब हे तिन्ही दोन्हीकडे. नान्नजचा माळढोक आणि गवताळ प्रदेश पर्यावरणशास्त्राला, तर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका पेठेत ऐकू येणं हे भाषाशास्त्राला कामाचं. आपल्याकडे असं काय आहे जे त्यांच्या विद्यार्थ्याला त्यांच्या गावात शिकता येत नाही, याचं उत्तर पहिल्याच पत्रात असायला हवं.

पत्र कुलगुरूंना नको, विषयाच्या प्राध्यापकाला लिहा. गेल्या दोन-तीन वर्षांतला त्यांचा शोधनिबंध वाचा, त्यातल्या एका मुद्द्याशी आपल्या विभागाचं काम जोडा आणि मागणी छोटी ठेवा: तीस मिनिटांची ऑनलाइन भेट. पत्र दीड पानाच्या आत. ‘विविध क्षेत्रांत सहकार्य करण्याची आमची इच्छा आहे’ या वाक्याला उत्तर येत नाही, कारण त्यात करण्यासारखं काहीच नसतं.

पहिलं वर्ष ऑनलाइन

कुणालाही विमानात बसवण्याआधी दोन वर्गांनी एकत्र काम करून पाहावं. याला कॉइल, म्हणजे दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन एकत्र शिकणं, म्हणतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये यासाठी केंद्र काढलं आणि तिथून ही पद्धत पसरली. पाच ते आठ आठवडे, दोन्हीकडचे पंधरा-वीस विद्यार्थी, चार-चारचे मिश्र गट, एक ठोस काम. उदाहरणार्थ, एकाच प्रकारच्या टॉवेलची पाणी शोषण्याची चाचणी दोन्ही प्रयोगशाळांत करून निकाल ताडून पाहणं.

वेळ जुळवताना मध्य युरोप आपल्यामागे साडेतीन ते साडेचार तास आहे. इथली दुपारची दीड-दोनची वेळ तिथली सकाळ असते, दोघांनाही बरी. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ बदलतं. त्या आठवड्यात अर्धा वर्ग तासभर चुकीच्या वेळी येतो. वेळापत्रकात ते आधीच लिहून ठेवा.

या खर्च नसलेल्या वर्षात तीन गोष्टी कळतात: समोरचे प्राध्यापक वेळेवर उत्तर देतात का, आपली मुलं इंग्रजीत कुठे अडतात, आणि कुणाला पाठवावं. मराठी माध्यमातून आलेला, वर्गात गप्प बसणारा एखादा मुलगा लेखी कामात गटाचा आधार होतो, हे मुलाखतीत दिसत नाही.

तीन वेगळे कागद

पहिला एमओयू. त्यात इरादा असतो, बंधन काही नाही. पाच वर्षांची मुदत, दोन पानं पुरेत.

दुसरा एक्स्चेंजचा करार, खरा कागद हाच. विद्यार्थी शुल्क आपल्याकडे भरेल आणि यजमान शिक्षणशुल्क घेणार नाही, हे त्यात स्पष्ट हवं. राहणं, विमा, व्हिसा, प्रवास कुणाचा, तेही. इंग्रजीच्या पुराव्याचं कलम विसरू नका: बी २ या मध्यम-वरच्या पातळीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाच लागेल की विद्यापीठाने मुलाखत घेऊन दिलेलं पत्र चालेल? दुसरा पर्याय मान्य करून घेतला तर प्रत्येक मुलाचा परीक्षेच्या फीचा मोठा खर्च वाचतो.

याच करारात समतोलाचं कलम असतं आणि लहान विद्यापीठं इथे फसतात. एक गेला तर एक आला पाहिजे, असा हिशेब असतो. आपल्याकडून चार जायला तयार, तिकडून सेमिस्टरभर यायला एकही नाही, की दुसऱ्या वर्षी भागीदार जागा बंद करतो. यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या मुक्कामांना वजन देणं. चार आठवड्यांसाठी आलेले चार विद्यार्थी म्हणजे एक सेमिस्टर, असं कलम घाला आणि समतोल दरवर्षी न मोजता पाच वर्षांच्या शेवटी मोजायचा ठेवा.

तिसरा कागद प्रत्येक विद्यार्थ्याचा लर्निंग अॅग्रीमेंट. तिथले विषय, त्यांचे ईसीटीएस, त्याबदल्यात इथले कोणते क्रेडिट सुटले, आणि विद्यार्थी, आपलं विद्यापीठ व यजमान अशा तीन सह्या. तिथे पोहोचल्यावर एखादा विषय रद्द होतो किंवा दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात. हे जवळजवळ ठरलेलं. बदल पहिल्या महिन्यातच लेखी करून घ्यायचा आणि इकडून आठवड्याच्या आत सही पाठवायची. इकडची सही रखडली आणि मुलाने परवानगीशिवाय दुसरा विषय केला, की परतल्यावर त्या क्रेडिटला वाली नसतो.

पैसा

सर्वांत मोठा आधार युरोपीय संघाचा इरॅस्मस प्लस, सध्याचा कार्यक्रम २०२१ ते २०२७ चा. त्यातल्या केए १७१ या प्रकारात भारतासारख्या देशांतले विद्यार्थी युरोपात सेमिस्टर करू शकतात. शिक्षणशुल्क नाही, महिन्याला देशानुसार ८०० ते ९०० युरो, शिवाय अंतरावर ठरलेला प्रवासखर्च. अंतर सोलापूरपासून मोजायचं, मुंबईपासून नाही. अभ्यासासाठी किमान दोन महिने, शिक्षकांसाठी किमान पाच दिवस. अर्ज आपण करत नाही, युरोपातला भागीदार करतो, वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारीत. मंजूर प्रकल्प १ ऑगस्टला सुरू होतो. म्हणजे या सप्टेंबरमध्ये बोलणी सुरू केली तर पहिला विद्यार्थी त्यापुढच्या वर्षीही नाही, त्यानंतरच्या फेब्रुवारीत निघेल. सुमारे सतरा महिने. हे व्यवस्थापन परिषदेला पहिल्या दिवशीच सांगून ठेवावं.

भागीदाराला अर्जासाठी आपल्याकडून नेमकी माहिती लागते: किती विद्यार्थी, कोणत्या विषयातले, क्रेडिट कसे मान्य होणार, निवड कशी होणार. मंजूर ठराव हाताशी असेल तर हे उत्तर एका दिवसात जातं.

जपानसाठी २०१४ पासूनचा साकुरा सायन्स कार्यक्रम लहान विद्यापीठांना चांगला. एक ते तीन आठवड्यांची भेट, अर्ज जपानी संस्थेचा, क्रेडिटची गुंतागुंत जवळजवळ नाही. पहिल्यांदा परदेशात जाणाऱ्या विज्ञानाच्या मुलांसाठी सुरुवात इथून करता येते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मात्र पूर्ण पदवीसाठी आहे. एका सेमिस्टरला ती लागू होत नाही. दरवर्षी मुलं त्यामागे वेळ घालवतात, म्हणून सांगितलं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसा हातात येतो तो पोहोचल्यावर, तिथलं बँक खातं उघडल्यावर. तोवर तिकीट, व्हिसा शुल्क, विमा, खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं-जेवण घरून करावं लागतं. दीड ते दोन लाख रुपये धरून चला. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातल्या मुलीला ही रक्कम म्हणजे ‘नाही’ असंच उत्तर असतं, आणि निवड झालेली मुलगी काहीतरी घरगुती कारण सांगून माघार घेते. विद्यापीठाने किंवा माजी विद्यार्थी संघाने बिनव्याजी फिरता निधी ठेवावा: निघताना रक्कम द्यायची, शिष्यवृत्तीच्या हप्त्यांतून परत घ्यायची. चार मुलांपुरता, आठ लाखांचा निधी वर्षानुवर्षं फिरत राहतो. पैशाचं एकच काम लगेच करायचं असेल तर हे करा.

परदेशी निधी संस्थेच्या खात्यात येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचं नियमन करणारा कायदा, आडवा येतो. कायद्याने स्थापन झालेल्या आणि सरकारी लेखापरीक्षण असलेल्या विद्यापीठांना सूट आहे. ट्रस्टच्या महाविद्यालयांना नोंदणी आणि स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. खासगी महाविद्यालयाने सोपा मार्ग घ्यावा: शिष्यवृत्ती थेट विद्यार्थ्याला मिळू द्यावी आणि संयोजनाचा निधी युरोपातल्या भागीदाराकडेच राहू द्यावा.

कोणतं सेमिस्टर

युरोपातलं वसंत सेमिस्टर फेब्रुवारी ते जून. आपलं सम सेमिस्टर डिसेंबर-जानेवारी ते मे. हे जुळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारं हिवाळी सेमिस्टर जुळत नाही: इथलं विषम सेमिस्टर जुलैत सुरू झालेलं असतं आणि तिथल्या परीक्षा फेब्रुवारीपर्यंत लांबतात, म्हणजे मुलाची इथली दोन सेमिस्टर बिघडतात. फेब्रुवारी धरून उलटा हिशेब असा: निवड सप्टेंबरअखेर, यजमानाकडे नामांकन ऑक्टोबरात, प्रवेशपत्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, व्हिसाची भेट नोव्हेंबरअखेर. नव्वद दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाला शेंगेनचा लहान व्हिसा चालत नाही, त्या देशाचा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा लागतो आणि त्याला दोन महिनेही लागू शकतात. काही देशांचे अर्ज पुण्यात घेतात, काहींसाठी मुंबईच गाठावी लागते.

पासपोर्टवरचं नाव

पासपोर्ट पहिल्या वर्षीच काढायला सांगा, निवड होण्याची वाट पाहू नका. सोलापुरात पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये.

अडचण नावाची येते. आपल्या गुणपत्रिकेत आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, शेवटी आईचं. पासपोर्टमध्ये दोनच रकाने. कुणी वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात घालतं, कुणी गाळतं, कुणी आडनावाचा रकाना रिकामा सोडून सगळं एकत्र लिहितं. मग यजमानाचं प्रवेशपत्र गुणपत्रिकेवरून निघतं, विमा आधारवरून आणि तिकीट पासपोर्टवरून. तीन कागदांवर तीन नावं, आणि व्हिसाच्या खिडकीवर अर्ज परत. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जसं नाव तसंच, अक्षरन् अक्षर, प्रत्येक अर्जात. गुणपत्रिकेत क्रम वेगळा असल्याबद्दल विद्यापीठाने लेटरहेडवर एक ओळीचं पत्र द्यावं: ही दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची. दहावीच्या प्रमाणपत्रात स्पेलिंगच वेगळं असेल तर मात्र पत्राने भागत नाही. राजपत्रातली नोंद किंवा मंडळाकडून दुरुस्ती लागते आणि त्याला महिने जातात.

विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा हवा. स्पेन, इटलीसारखे देश काही कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, मागतात. यादी प्रवेशपत्रासोबतच मागवून घ्या. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्राचा (शैक्षणिक कागद तपासल्याच्या दाखल्याचा) नियम आहे, त्यामुळे आपल्या प्रकारच्या विद्यार्थ्याला सूट आहे का ते यजमानाकडून लेखी घ्या.

तिकडून येणारे

पूर्ण सेमिस्टरसाठी सोलापूरला येणारे सुरुवातीला मिळणार नाहीत. चार आठवड्यांचा पक्का अभ्यासक्रम आखा आणि तो जानेवारीत ठेवा. हवा चांगली असते आणि संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रा असते. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो. तेव्हा पाहुणे बोलावू नयेत. आठवड्याला ४० तास, त्यात वर्ग, कारखान्यातलं काम आणि स्वतःचा अभ्यास धरून एकूण १६० तास होतात. त्यावर देशागणिक ५ ते ६ ईसीटीएस मिळू शकतात. आशयही चढता ठेवा: पहिल्या आठवड्यात माग आणि टॉवेलचा कारखाना, दुसऱ्यात डाळिंब आणि पाणी, तिसऱ्यात एका विषयावर स्थानिक विद्यार्थ्यासोबत जोडीने काम, चौथ्यात सादरीकरण.

कायद्याची बाजू सैल सोडू नका. विद्यार्थी स्टुडंट व्हिसावरच यायला हवा, पर्यटक व्हिसावर नाही. राहण्याची सोय करणाऱ्याने, म्हणजे वसतिगृहाने, आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची. अनेक वर्षं याला सी-फॉर्म म्हणत. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर विद्यार्थ्याने १४ दिवसांत नोंदणी करायची. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवासन व परदेशी नागरिक कायद्यात शिक्षणसंस्थांवरही माहिती देण्याची जबाबदारी आहे. वसतिगृहाच्या रेक्टरांच्या नावाने लॉगिन आधीच काढून ठेवा, कारण गाडी रात्री अकराला पोहोचते आणि दुसरा दिवस रविवार असतो.

वसतिगृहात साठवणीची टाकी बघून घ्या. शहरात अनेक भागांत पाणी रोज येत नाही. जेवण पहिला आठवडा कमी तिखट, मग हळूहळू शेंगाचटणी आणि कडक भाकरी. परदेशी कार्ड छोट्या दुकानात चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशी रोख रक्कम काढून द्यायला सोबत कुणीतरी असावं. प्रत्येक पाहुण्यामागे एक स्थानिक विद्यार्थी नेमा आणि त्याच्या या कामालाही एक क्रेडिट द्या. परदेशात जाऊ न शकणाऱ्या मुलांना घरबसल्या मिळणारा एक्स्चेंज हाच.

परतल्यावर

यजमानाची गुणपत्रिका सेमिस्टर संपल्यावर पाच आठवड्यांत यायला हवी. इरॅस्मसमध्ये तसा नियम आहे. प्रत्यक्षात ती जुलैच्या अखेरीस येते, कारण ऑगस्टमध्ये युरोपातली बरीच कार्यालयं बंद असतात आणि सगळे त्याआधी काम उरकतात. जुलैत आली नाही तर सप्टेंबर उजाडतो. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असेल आणि पुढे एमएस्सीला प्रवेश घ्यायचा असेल तर हा उशीर महागात पडतो. विद्यार्थी तिथून निघण्याआधीच यजमान कार्यालयाकडून उत्तीर्ण विषयांचं तात्पुरतं पत्र घेऊन यावं.

गुणपत्रिका आली की परीक्षा विभागाकडे एकच पाकीट द्यायचं: लर्निंग अॅग्रीमेंट, त्यातले बदल, यजमानाची गुणपत्रिका, मंजूर तक्ता आणि ठरावाची प्रत. पाच कागद एकत्र असले की लिपिकाला कुणाला विचारावं लागत नाही. गुणपत्रिकेवर विषयाचं मूळ नाव आणि यजमान विद्यापीठाचं नाव छापलं जाईल असं बघा, नुसतं ‘सूट’ नको. नोकरीच्या मुलाखतीत तीच ओळ विचारली जाते. क्रेडिट विद्यार्थ्याच्या एबीसी खात्यात, म्हणजे क्रेडिट साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन खात्यात, चढले का, तेही महिन्याभरात तपासावं. नोंद राहिली असेल तर ती तेव्हाच दुरुस्त होते, पदवी छापून झाल्यावर फार कठीण जातं.